गारगोटीतनं वडाप, कोल्हापुरातनं महालक्ष्मी : आईला घेऊन रात्रीतनं जमंल काय?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबड होणार आहे, सांभाळून घ्या.

बहीण कल्याणला बाळंत झालीय, मुलगी झाली, सिझर. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरीच करायचं पण डॉक्टर प्रवास नको म्हणाले म्हणून ती तिथंच राहिली. सोमवारी सकाळी घरी सोडणार आहेत आणि दाजींच्या घरात करणारं बाईमाणूस कोण नाही, म्हणजे आईला सोमवारी सकाळपर्यंत तिथं पोचवायचंच आहे. आई ६३ ची आहे, दोन्ही गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत.

आता अडचण अशी की आईला एसटीत आणि ट्रॅव्हल्समध्ये गाडी लागते. स्लीपर कोचमध्ये तर आडवं पडल्या पडल्या सुरू होतंय, मागच्या वेळी पेठनाक्यापासनं पुण्यापर्यंत पिशव्या धरून बसलो होतो. वडापात (शीटा भरल्यावर सुटणारी शेअर जीप) पुढच्या शीटवर बसली की लागत नाही आणि रेल्वेत तर अजिबात नाही, हे कसं काय ते तिलाच माहीत. म्हणून रविवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची ठरवलंय. स्लीपरचं ऑनलाइन तिकीट काढलंय पण वेटिंग ३१ आहे, दोघांचं. नाही झालं तर जनरल.

घरातनं संध्याकाळी साडेपाचच्या आधी हलता येत नाही. साडेपाचला गारगोटी स्टँडवरनं वडाप धरलं तर गाडीच्या टायमाला स्टेशनवर पोचतो का? रविवारी जनरलला गर्दी किती असते? आणि वेटिंग राहिलंच तर त्याच तिकिटावर स्लीपरमध्ये चढून टीसीला हातापाया पडून जमतं का? आमचा एक मित्र म्हणतोय जमतं. मी स्वतः मुंबईला नेहमी ट्रॅव्हल्सनंच गेलोय त्यामुळं रेल्वेतलं काय कळत नाही.

रंकाळा_चौपाटी

भावा कशाला एवढा उपद्व्याप, गोळी देऊन ट्रॅव्हल्समध्ये बसव की. उलटीच्या गोळ्या मिळतात, निघायच्या अर्धा तास आधी द्यायची. आमची आजी पण अशीच होती, गोळी घेतली की थेट पनवेलला जागी व्हायची.

वेदगंगाकाठ

गोळी देऊन बघितलीय ओ. झोप येते आणि झोपेत उलटी होते. ते त्याहून वाईट.

मिरज_जंक्शन

माझं निम्मं आयुष्य या लाईनवर गेलंय, सांगतो.

पहिलं, त्या मित्राचं ऐकू नका. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये बसायचे दिवस गेले. ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावर दोघांचंही वेटिंगच राहिलं तर ते आपोआप कॅन्सल होतंय, पैसे खात्यावर परत येतात, म्हणजे तुमच्याकडं तिकीटच राहत नाही. मग स्लीपरमध्ये सापडला तर विनातिकीट. जनरलचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसला तरी अडीचशे रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक, आणि पुढच्या स्टेशनला खाली उतरवतात ते वेगळंच. रात्री बाराला आईला घेऊन कराडच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचंय का?

पण वेटिंग ३१ म्हणजे वाईट नाही, अगदी कन्फर्म नाही झालं तरी आरएसी व्हायची बऱ्यापैकी आशा आहे. आरएसी म्हणजे साइडचा खालचा बर्थ दोघांत एक. तुम्ही दोघं मायलेकरं, एकाच तिकिटावर, तर बहुतेक एकच बर्थ दोघांना येईल, आईनं पाय पसरायचे आणि तुम्ही पायथ्याला बसायचं. जनरलपेक्षा शंभरपट बरं. आता चार्टपण आधी लागतोय, दुपारपर्यंत तुम्हाला कळून जाईल काय ते.

दुसरं, शनिवारी अकरा वाजता तत्काळ मारून बघा, स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी अकराला उघडतंय, एसीचं दहाला. आधार जोडलेलं अकाउंट लागतं, ते आजच करून ठेवा, अकराला दोन मिनिटं कमी असताना ओटीपी येईना म्हणून बोंबलत बसू नका. पहिला अर्धा तास एजंटांना बंद असतं त्यामुळं साध्या माणसाला पूर्वीपेक्षा थोडी संधी आहे. थोडीच.

तिसरं, चार्ट लागल्यावर पण कधी कधी एखाददुसरी शीट उरते, ती करंट बुकिंगला दिसते. हातात मोबाईल ठेवा आणि बघत राहा.

आणि जनरलच करायचं झालं तर गाडी कोल्हापुरातनंच सुटते हा मोठा फायदा आहे. रेक, म्हणजे रिकामी गाडी, प्लॅटफॉर्मला आधी लागतो. सव्वासात-साडेसातला तिथं असाल तर बसायला जागा मिळेल, आठ नंतर गेलात तर मिळणार नाही, रविवारी तर नाहीच, सगळं पब्लिक सोमवारच्या ड्यूटीला चाललेलं असतं. हातकणंगले, जयसिंगपूर करत आमच्या मिरजेत गाडी येईपर्यंत जनरलच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. जनरलचं तिकीट मोबाईलवर काढणार असाल तर स्टेशनात शिरायच्या आधी काढा, आत गेल्यावर ते बिनकागदाचं तिकीट निघत नाही.

साडेपाचला वडाप धरून हे होत नाही. हिशोब करून बघा.

कूरचा_पाव्हणा

वेदगंगाकाठ भाऊ, तुमचा प्लॅन मी जगून बसलोय म्हणून लिहितो. आमचं गाव कूर, तुमच्या वाटेवरच.

सात-आठ वर्षं झाली. मुंबईला नोकरीवर हजर व्हायचं होतं, सोमवारी दहाला, जानेवारी महिना, रविवार. स्लीपर नव्हतंच, जनरलनं जायचं. घरातनं पाच वाजता निघालो, आई म्हणाली जेवून जा, म्हटलं नको वेळ हाय, डबा दे. तिथंच खरं तर गणित चुकलं, वेळ हाय म्हणालो ना.

मुदाळतिट्ट्याला वडाप उभं होतं. जुनी ट्रॅक्स, पत्रा ठिकठिकाणी वेल्डिंग केलेला, दार लावायला दोरी. पोरगं बोंबलत होतं "कोल्लापूर कोल्लापूर कोल्लापूर, एक शीट, एकच शीट!" मी आत डोकावलो तर पाच माणसं. पाच! म्हटलं अरे एकच शीट कुठंय, तर म्हणतंय बसा की ओ, आता भरतंय. वडापवाल्याची एक शीट म्हणजे काय असतं हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. मधल्या बाकावर चार, मागं समोरासमोर चार-चार, पुढं ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला तीन आणि एवढं झाल्यावर ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, म्हणजे त्याच्यात आणि दारात, अजून एक किडमिडा गडी. ड्रायव्हर मग तिरका बसून गाडी मारतो, एक खांदा खिडकीच्या दिशेला आणि मान रस्त्याकडं. तो किडमिडा गडी येईपर्यंत गाडी सुटत नाही.

पावणेसहा झाले, सहा झाले. दोघं कंटाळून उतरून दुसऱ्या गाडीत गेले, म्हणजे आमची परत दोन शीट कमी झाली. मी घड्याळ दाखवलं तर ड्रायव्हर म्हणतो, "साहेब रेल्वे तुमची हाय, डिझेल माझं हाय." यावर काय बोलणार. सव्वासहाला सुटली.

आणि पुढं बिद्री. हंगाम चालू. कारखान्याच्या अलीकडंपासनं उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, मधनंच बैलगाड्या, वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे घेऊन जाणाऱ्या बायका. त्यातली एक ट्रॉली चाक निखळून रस्त्यातच कललेली, निम्मा ऊस डांबरावर. बांधलेल्या मोळ्या सरकून सरकून खाली येत होत्या आणि पोरं त्यातनं बरी बरी कांडी निवडत होती. एका बाजूनं वाहतूक सोडत होते, आमची बाजू काय लवकर येईना. ड्रायव्हर खाली उतरून एक ऊस घेऊन आला आणि स्टेअरिंगवर आपटून मोडून खायला लागला. मला पण कांडं दिलं. खाल्लं मी, खोटं कशाला बोलू. पोटात कालवाकालव चाललेली आणि तोंड गोड.

इस्पुर्ली, कळंबा करत कोल्हापुरातल्या संभाजीनगरला आठ पस्तीस. तिथं रिक्षा. रिक्षावाला भला माणूस, सिग्नल सोडून सगळ्या बोळांतनं घेतली त्यानं. स्टेशनच्या पायऱ्या चढलो आणि गाडी निघाली होती. शेवटच्या डब्यावरची ती मोठी पिवळी फुली आणि खाली लुकलुकणारा लाल दिवा, तेवढं दिसलं. दोन मिनिटं. उसाच्या कांड्याएवढी.

बाहेर आलो तर माझ्यासारखे अजून तिघं. एक नवराबायको, कोवळी जोडी, तिच्या हातात हिरवा चुडा अजून, आणि एक मार्केट यार्डातला गडी, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेला दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, दादरला मेहुण्याला न्यायचा होता. एक गाडीवाला आला, म्हणाला मिरजेत गाठून देतो, चला. सिंगल लाईन हाय, क्रॉसिंगला कुठंतरी थांबतीय ती. भाडं ठरलं, बसलो. आणि मग बघा, आम्ही चौघं बसलेलो, पुढं रेल्वे निघून गेलेली, एकेक मिनिट म्हणजे जीव चाललेला आणि हा बाबा दार उघडं ठेवून ओरडतोय, "मिरज मिरज, एक शीट!"

त्या नवऱ्यानं शेवटी पाचव्या शीटचे पैसे स्वतःच्या खिशातनं दिले तेव्हा सुटली.

शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर, अंकलीचा पूल, मला काय आठवत नाही फारसं. ती पोरगी डोळे मिटून अंबाबाईचा धावा करत होती आणि गुळवाला दर पाच मिनिटांनी म्हणत होता "गावंल, गावंल". हातकणंगल्याच्या पुढं कुठंतरी डाव्या-उजव्या कुठल्यातरी अंगाला अंधारात उजेडाच्या खिडक्यांची माळ सरकताना दिसली, ती आमचीच गाडी का दुसरी, आजपण माहीत नाही. मिरजेत पोचलो आणि गाडी उभी होती. रुकडीला क्रॉसिंगसाठी चांगली थांबवून ठेवली होती म्हणे त्या दिवशी. म्हणजे आम्ही गाठली नाही, ती थांबली म्हणून मिळाली. त्या जोडप्याचं स्लीपरचं रिझर्वेशन होतं कोल्हापुरातनं, ते त्यांच्या डब्याकडं पळाले. मी आणि गुळवाला जनरलकडं.

जनरलमध्ये आत शिरायचा प्रश्नच नव्हता. दारातल्या माणसांनी आम्हाला ओढून घेतलं, बॅग डोक्यावरनं आत गेली आणि कुठंतरी नाहीशी झाली, ती सकाळी दादरला दिसली. संडासाच्या दाराला पाठ लावून उभा होतो, दर दहा मिनिटाला कोणीतरी जायचं, मग सगळ्यांनी एक एक पाऊल सरकायचं आणि परत जागेवर. कराडला अजून चढले. साताऱ्याला अजून. कोण भांडत नव्हतं विशेष, भांडायला पण छातीत हवा लागते. मग साताऱ्याच्या पुढं गुळवाल्यानं त्याचा रवा खाली ठेवला आणि म्हणाला बसा पाव्हणं आळीपाळीनं. अर्धा तास तो, अर्धा तास मी. पुण्यापर्यंत मी मेहुण्याच्या गुळावर बसून आलो. पुण्यात निम्मा डबा उतरला तेव्हा लोअर शीटच्या कोपऱ्यात जागा मिळाली, उठून बघतो तर पँट मागनं चिकट. त्याच पँटवर नोकरीवर हजर झालो, दिवसभर खुर्चीतनं उठलो नाही.

तर सांगायचं हे की वडाप शीटवर सुटतं आणि रेल्वे घड्याळावर. या दोघांची गाठ घालायची असली तर मधी मोकळा दीड तास पाहिजे, हंगामात दोन. मी एकटा गडी होतो, पंचविशीतला. आईला घेऊन हे करू नका.

मिरज_जंक्शन

कूरकर, गुळाच्या रव्याला साष्टांग.

यातनं एक कामाची गोष्ट सांगतो. तुमच्याबरोबरच्या त्या जोडप्याचं नशीब की तिकीट राहिलं. तिकीट कोल्हापुरातनं असेल आणि तुम्ही मिरजेत चढणार असाल तर चार्टच्या आधी बोर्डिंग स्टेशन बदलून ठेवायचं, अ‍ॅपवर होतं, जास्तीचे पैसे पडत नाहीत. नाहीतर टीसी तुम्ही आलाच नाही असं धरून ती जागा आरएसीवाल्याला देतो आणि ते नियमानंच असतं, भांडून उपयोग नाही.

शाहूपुरीची_सून

एवढे पुरुष माणसं लिहिताहेत आणि एकानंही विचारलं नाही की आईंना घरातनं साडेपाचच्या आधी हलता का येत नाही! दादा, तुम्हाला ऑफिस आहे का? रविवारी? की आईंचं काही आहे? सगळी गडबड त्या साडेपाचात आहे. दुपारी दोनला निघालात तर यातलं काहीच होणार नाही.

आता बाईमाणसाच्या बाजूनं थोडं. गुडघे दुखणाऱ्या बाईला वडापाच्या मधल्या बाकावर बसवू नका, गुडघे समोरच्या शीटला टेकतात आणि उतरताना सरळ होत नाहीत. पुढं खिडकीला बसवा, लागलं तर दोन शीटचे पैसे द्या. निघताना पोट एकदम रिकामं नको, भाकरीचा तुकडा आणि आलेपाकाची वडी पदराला. आणि एक गोष्ट जी आपल्या आया कधी बोलत नाहीत, त्या प्रवासाच्या दिवशी दुपारपासून पाणी प्यायचं बंद करतात, जायला लागू नये म्हणून. मग डोकं धरतं, मळमळतं आणि आपण म्हणतो गाडी लागली! माझी सासू अशीच. तिला मी सांगितलं की स्टेशनवर वेटिंग रूम असते, तिथं सोय असते, आपण तिथं तासभर आधी जाऊ, तुम्ही पोटभर पाणी प्या. निम्मी गाडी लागायची बंद झाली. तुमच्या आईंना एसटीत लागते आणि रेल्वेत लागत नाही, त्यातलं निम्मं कारण डब्यातला संडास असणार, बघा विचारून. मुलगा म्हणून तुम्हाला सांगणार नाहीत, बहिणीला विचारायला सांगा.

पुढच्या वेळेसाठी अजून एक. बायकांना ४५ च्या पुढं लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. तुमचं दोघांचं एकत्र काढलं की तो मिळत नाही कारण तुम्ही तरुण. आईंचं वेगळं तिकीट त्या कोट्यातनं काढायचं, तुमचं वेगळं. डबे वेगळे आले तरी चालतं, त्यांना खालचा बर्थ मिळणं महत्त्वाचं. बऱ्याच गाड्यांना गार्डच्या बाजूला बायकांसाठी जनरलचा छोटा भाग असतो पण तिथं तुम्हाला जाता येणार नाही आणि रात्रीच्या वेळी आईंना एकटं सोडायचं नाही, तर तो विचार सोडाच.

जुना_पोस्टमन

वरचं सगळं वाचलं. मजा वाटली. आमच्या वेळी मिरज-पुणे छोटी लाईन होती, मीटरगेज. मुंबईला जायचं तर पुण्यात उतरून मोठ्या गाडीत बसायचं, वळकट्या, ट्रंका, पाण्याचा फिरकीचा तांब्या सगळं उतरवायचं आणि परत चढवायचं. १९७१ ला ब्रॉडगेज झाली तेव्हा कोल्हापुरात बसलेला माणूस थेट व्हीटीला उतरायला लागला, त्याचं केवढं कौतुक होतं. कोल्हापूर-मिरज तुकडा तर १८९१ चा, संस्थानच्या काळातला. तेव्हापासून तो सिंगलच आहे. कूरच्या पाहुण्यांना गाडी मिळाली ती त्यामुळं, आणि आम्हा बाकीच्यांना रोज उशीर होतो तोही त्यामुळंच.

वेदगंगाकाठ, रविवारी सकाळची कोयना का धरत नाही? कोल्हापुरातनं आठच्या सुमाराला सुटते, संध्याकाळी कल्याणला उतरवते. दिवसाउजेडी प्रवास, म्हातारं माणूस खिडकीत बसतं, जेजुरी दिसली की हात जोडतं. रात्रीचा हट्ट कशाला?

वेदगंगाकाठ

काका, कोयना धरायची तर गारगोटीतनं पहाटे साडेपाचलाच निघायला पाहिजे. आणि तेच जमत नाही.

शाहूपुरीच्या वहिनी, तुम्ही बरोबर पकडलं. लिहायला लाजत होतो. घरात म्हैस आहे. आता सहा महिन्यांपूर्वी व्यालीय, आईशिवाय कुणाला धार काढू देत नाही. मी बसलो तर लाथ मारते, चुलतीनं एकदा काढून बघितलं तर म्हशीनं दूध चोरलं, पान्हाच सोडला नाही. सकाळची धार साडेपाचला, संध्याकाळची पाचला, मग डेअरीला दूध घालून आई मोकळी. ती म्हणते रविवारची संध्याकाळची धार काढूनच निघू, तेवढंच एक वेळचं दूध वाचतं. पुढं तिकडं महिनाभर राहणार आहे तेव्हा काय होणार हे विचारलं तर उत्तर देत नाही. म्हणजे मला पण कळतंय की एका वेळच्या धारेसाठी हे सगळं चाललंय, पण तिला कोण सांगणार.

शाहूपुरीची_सून

तुम्हीच सांगायचं! आणि धार काढताना चुलतीला आईंची नेसती साडी नेसवा, अंगावर वास तोच असला की म्हैस उभी राहते. माझ्या माहेरी करतात. आजपासनंच सवय लावा, रविवारची वाट बघू नका.

मिरज_जंक्शन

मी जंक्शनवर वीस वर्षं काढली, हा प्रॉब्लेम पहिल्यांदाच ऐकला. रविवारी काय होतं ते कळवा नक्की.

वेदगंगाकाठ

मंडळी, कळवायला तीन दिवस उशीर झाला, इथं बारशाची गडबड चालू आहे.

तत्काळ मारलं शनिवारी अकराला, पैसे भरायच्या पानावर चक्र फिरत राहिलं आणि संपलं. पण रविवारी दुपारी चार्टमध्ये वेटिंग ३१-३२ चं आरएसी झालं, एकच बर्थ दोघांना, जंक्शनसाहेब म्हणाले तसंच. ते कळल्यावर आईला म्हटलं आता शीट आपली आहे, गाडी चुकली तर ती पण जाईल, तेव्हा कुठं ती हलली. गुरुवारपासनं चुलती आईच्या साडीवर धार काढत होती. पहिल्या दिवशी म्हैस वळून वळून बघत होती म्हणे पण उभी राहिली. दूध कमी दिलं, दिलं मात्र.

दोनची एसटी धरणार होतो, आईनं नको म्हटलं, वडापच पाहिजे, पुढची शीट. सव्वातीनला बसलो, दोन शीटचे पैसे दिले आणि तरी चार वाजता सुटली. बिद्रीत ट्रॅक्टर होतेच पण ट्रॉली कुठं कललेली नव्हती. सहाच्या आत स्टेशनवर. आई वेटिंग रूममध्ये जाऊन आली आणि बाटलीभर पाणी प्याली, मी काय बोललो नाही, तिनंपण नाही. मग बाकावर बसून भाकरी, झुणका आणि तिखटाचा गोळा खाल्ला. समोर जनरलच्या डब्यापाशी लोकं खिडकीतनं रुमाल, टॉवेल, एकानं तर हेल्मेट टाकून जागा धरली होती, आई म्हणाली हे काय रे, म्हटलं आपण यातनंच जाणार होतो. ती काय बोलली नाही, नुसती माझ्याकडं बघत राहिली.

सांगलीच्या पुढं टीसी आला. कुणीतरी आलं नव्हतं, वरचा एक बर्थ मला दिला आणि आईला अख्खी साइड लोअर मिळाली. उलटीचं नावसुद्धा नाही. फक्त झोपली नाही. कराडच्या जरा पुढं साडेअकराच्या सुमाराला मी वरनं वाकून बघितलं तर अंधारात मोबाईलचा उजेड, आणि आई हळू आवाजात चुलतीला विचारत होती, "उजव्या अंगाचं सड पुरतं मोकळं केलंस का?" पलीकडनं चुलती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं आई म्हणाली, "बरं, तिच्या कानाला फोन लाव."